कुणी मारलं ते राहू दे, आधी एक्स-रे काढ

पत्र: मावशी, आम्ही डोंबिवलीत वन बीएचकेमध्ये राहतो. मी, नवरा, सात वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. ठाण्याला एक बाई रस्त्यावरची मांजरं सांभाळतात. त्यांच्याकडे दीडेक वर्षाची पांढरी-करडी मांजरी आहे, भाजी मार्केटमागे उभ्या रिक्षाखाली सापडलेली. तिची चाल विचित्र आहे. मागचे दोन्ही पाय वाकवून, कंबर डावी-उजवीकडे हलवत, थोडी सशासारखी, थोडी बदकासारखी चालते. शेपटी खालीच असते. केरसुणी उचलली की पलंगाखाली पळते. त्या बाई म्हणतात, हिला कुणीतरी खूप मारलंय. ते ऐकल्यापासून मला झोप नाही. मुलाने नावही ठेवलं, डुलकी, कारण ती डुलत चालते. नवरा म्हणतो, विकतचं दुखणं कशाला? सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्या म्हणाल्या, घरात एक लंगडी आहे तेवढी पुरे. आणावं का तिला? ती माणसावर कधी विश्वास ठेवेल का? आणि तिला आत्ता दुखत असेल का?

उत्तर:

शेवटून सुरुवात करते. तिला आत्ता दुखत असेल का, हा तुझ्या पत्रातला सगळ्यात कामाचा प्रश्न, आणि तो तू जाता जाता विचारलास. झोप मात्र उडाली ती 'कुणी मारलं असेल' याने. माझंही एकदा असंच झालं होतं, ते आधी ऐक.

वीसेक वर्षं झाली. आमच्याकडे बोक्याचं पिल्लू आलं, जेमतेम दोन महिन्यांचं. मी त्याचे असे लाड केले की विचारू नकोस. बोनलेस चिकन उकडून हाताने चुरायचं, आठवड्यातून तीनदा कलेजी, मासळी दिली तर एक काटा राहू द्यायचा नाही. पाच महिन्यांचा झाला तेव्हा तो मागून लचकत चालायला लागला. मला वाटलं, वाढीचं वय आहे. एक दिवस गुडघाभर उंचीच्या स्टुलावरून उतरला आणि किंचाळला. मी आतून धावत आले, तर दारात शेजारचा मुलगा उभा, हातात बॅट. झालं. मी त्या पोराला काय काय बोलले ते आठवलं की आजही कानशिलं तापतात.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाच्या पाटीवर लावला. हाड कुठे संपतं आणि मांस कुठे सुरू होतं तेच कळेना, इतकी हाडं फिकट. मांडीचं हाड वाकलेलं आणि दोन जागी मोडलेलं, त्यातली एक मोड जुनी, आपली आपण सांधत आलेली. मी मुलाचं, बॅटचं सांगायला तोंड उघडलं तर डॉक्टरांनी मधेच विचारलं, "खायला काय देता?" मी मोठ्या अभिमानाने यादी सांगितली. ते माझ्याकडे बघत राहिले.

नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर असतो आणि कॅल्शियम जवळपास नसतंच. वाढत्या पिल्लाला ते बाहेरून मिळालं नाही की शरीर हाडांतून ओढून घेतं आणि हाडं पार ठिसूळ होतात. उंदीर खाणारं मांजर तो हाडांसकट खातं, म्हणून त्याचं भागतं. मी मात्र निवडून निवडून हाडं आणि काटे फेकत होते. बोक्याला कित्येक आठवडे पिंजऱ्यात ठेवून, पिल्लांचं तयार खाणं घालून वाचवला. पुढे तेरा वर्षं जगला, वाकड्या चालीनेच. शेजारच्या मुलाकडे लाडू घेऊन गेले होते. त्याच्या आईने डबा घेतला, पण दार अर्धंच उघडलं.

डुलकीला कुणी मारलं नसेलच, असं मी म्हणत नाही. मारलंही असेल. पण नुसत्या चालीवरून ते कुणालाच सांगता येत नाही, मांजरं सांभाळणाऱ्या त्या बाईंनाही नाही. तू लिहिलंयस तशा चालीमागे माझ्या माहितीत निदान चार-पाच कारणं निघतात आणि त्यांचे उपाय एकमेकांपासून फार वेगळे आहेत.

तुझ्या वर्णनावरून पहिला संशय कमरेवर जातो. रिक्षाखाली सापडलेलं मांजर, दोन्ही पाय वाकलेले, शेपटी खाली, म्हणजे गाडीचा धक्का लागून किंवा उंचावरून पडून ओटीपोटाभोवतीचं हाड मोडलं असेल आणि वेडंवाकडं जुळलं असेल. जुळलेलं हाड फारसं दुखेलच असं नाही, पण आतली वाट अरुंद होते. मग शी अडकते, दिवसेंदिवस कुंथत बसतात, आतडं फुगतं. अशी मांजरी गाभण राहिली तर पिल्लू त्या वाटेने बाहेर येऊ शकत नाही. म्हणून तिचं नसबंदीचं ऑपरेशन झालंय का हे आधी विचार. झालं नसेल तर तो पहिला खर्च.

दुसरी गोष्ट शेपटीची. चालत्या चाकाखाली शेपटी सापडली किंवा कुणी ती धरून ओढली, तर शेपटीच्या मुळाशी सांधा निखळतो. लघवी आणि शी धरून ठेवणाऱ्या नसा तिथूनच जातात. त्यामुळे ती शेपटी कधी वर करते का, नुसतं टोक तरी हलवते का, हे बघायचं. आणि ट्रेमध्ये बसून नीट धार सोडते की झोपल्या जागी अंथरूण ओलं होतं, हे त्या बाईंना स्पष्ट विचारायचं. लाजू नकोस. मांजर आणताना रंग-रूप विचारतात सगळे, शी-शूचं कुणी विचारत नाही, आणि पुढची दहा-बारा वर्षं संबंध येतो तो त्याच्याशीच.

तिसरं, माझ्या बोक्याचं झालं ते. दीड वर्षाची म्हणजे हाडं आता पक्की झाली असतील, पण लहानपणी वाकली ती वाकलीच. चौथं कारण गमतीशीर आहे. पॅनल्युकोपेनिया नावाचा मांजरांचा एक विषाणू आहे. आई गाभण असताना त्याची लागण झाली, किंवा पिल्लाला जन्मल्याबरोबर झाली, तर तोल सांभाळणारा लहान मेंदू पुरता वाढत नाही. अशी मांजरं पाय फाकवून, झिंगल्यासारखी चालतात. वाटीकडे तोंड नेताना डोकं थरथरतं, स्वस्थ पडली की थरथर थांबते. याला औषध नाही, पण ते दुखत नाही, वाढत नाही, आयुष्यही कमी होत नाही. आपलं डुलणं हेच त्यांना सरळ चालणं वाटत असतं. डुलकीचे पुढचे पाय ठीक असतील तर हे तिचं नसावं. आणि एक, मांजर बोटांवर चालतं. मागची टाच जमिनीला टेकवून चालत असेल तर डॉक्टर रक्तातली साखर बघतात, मधुमेहात नसा अशा कमजोर होतात. तिच्या वयात हे कमी, पण टाच बघ.

तर या रविवारी ठाण्याला जा आणि तिला उचलून वगैरे घेऊ नकोस. मोबाईल जमिनीला टेकवून धर आणि ती चालते तो व्हिडिओ काढ, एक मागून, एक बाजूने. फरशीवर नको, चटईवर किंवा सतरंजीवर. गुळगुळीत फरशीवर धडधाकट मांजरही घसरतं. दवाखान्यात नेल्यावर मांजर भीतीने दगड होऊन बसतं, चालून दाखवत नाही, म्हणून डॉक्टरांना हा व्हिडिओ सोन्यासारखा. तो हळू गतीने बघितलास तर तुलाही दिसेल की ती दोन्ही पाय एकदम टाकते की एकामागून एक, आणि एखादा पाय टेकवताना कचरते का.

दुखण्याचं म्हणशील, तर मांजर ओरडून सांगत नाही. माणसाला वाटतं शांत आहे. सोफ्यावर एका उडीत न चढता आधी पुढचे पाय टाकून स्वतःला वर खेचणं, एकाच कुशीवर झोपणं, कमरेजवळ हात गेला की वळून बघणं किंवा चावणं, पाठीच्या मागच्या भागाची केसं गुंताळलेली, कारण वळून चाटता येत नाही, ही दुखण्याची भाषा. यातलं काय काय दिसतं ते लिहून ने.

एक्स-रे कमरेचा, समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून काढायला सांग. कल्याण-डोंबिवलीत, ठाण्यात खासगी दवाखाने आहेतच. खर्च आधी फोन करून विचार, त्यात कमीपणा नाही. मोठं काही निघालं तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे. पाटीवर बाई साकरबाई दिनशॉ पेटिट असं भारदस्त नाव असलं, तरी रिक्षावाल्याला बैलघोडाच कळतं. पशुवैद्यकाचं मुंबईचं कॉलेज 1886 साली सुरू झालं ते तिथेच. सकाळी लवकर जा, वेळ भरपूर घेऊन जा, डब्यात पाणी आणि एक जुना टॉवेल. त्याच फेरीत रेबीजची आणि मांजरांची तिहेरी लस झालीय का, जंताचं औषध कधी दिलं, हे कार्डावर बघून घे.

एक गोष्ट मात्र मनावर कोरून ठेव. "दुखत असेल बिचारीला" म्हणून घरातली कुठलीही गोळी द्यायची नाही. पॅरासिटामॉल, जी आपण मुलांना डोळे झाकून देतो, ती मांजराला विष आहे. तिचं यकृत ती पचवू शकत नाही, रक्तातली प्राणवायू वाहण्याची ताकद जाते, हिरड्या तपकिरी पडतात. तीन-चार किलोच्या मांजराला अर्धी गोळीही मारू शकते. सासूबाईंच्या गुडघ्याच्या गोळ्याही त्यातच धर. खाली पडलेली गोळी उचलायची सवय सगळ्यांना लाव. आणि कधीही, अगदी दोन वर्षांनीसुद्धा, मागचे पाय अचानक लुळे आणि गार पडले आणि ती जोरजोरात ओरडायला लागली, तर सकाळची वाट बघायची नाही. ती रक्ताची गुठळी असू शकते.

आता केरसुणीचं. आपल्याकडे चाळीतलं, मार्केटातलं असं कुठलं मांजर आहे ज्याला केरसुणी दाखवून हुसकलेलं नाही? डोक्यावरून काहीही लांब उंच झालं की प्राणी दचकतो. त्यात पिल्लू दोन ते सात आठवड्यांचं असताना माणसाचा हात लागला नाही, तर पुढे ते माणसाला बिचकतं, त्याला कुणी बोटही लावलेलं नसलं तरी. त्यामुळे पलंगाखाली पळणं हा काही माराचा पुरावा नव्हे. खरा पुरावा कधी कधी एक्स-रेमध्ये दिसतो: बरगड्या, पाय, वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या काळात मोडलेलं. तसं दिसलं तर डॉक्टर स्वतः सांगतील. आणि मारणारा माहीत असेल, साक्षीदार असेल, तर पोलिसांत जाता येतं. 1960 चा प्राणी क्रूरता कायदा आहे, त्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये आहे (हो, आजही), पण जनावराला ठार किंवा जायबंदी करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तुझ्याकडे ना माणूस आहे ना साक्ष. म्हणून ते प्रकरण मिटव. ते मनात धरून तिच्याकडे बघत राहिलीस तर तू तिच्याभोवती घोटाळत राहशील, सारखी हाक मारशील, पलंगाखाली वाकून "घाबरू नको गं" म्हणशील. घाबरलेल्या मांजराला याचाच सगळ्यात जास्त वैताग येतो.

तिला हवा असतो खोका. टीव्हीचा, मिक्सरचा, कुठलाही, दोन बाजूंना भोकं पाडलेला, म्हणजे आत कोंडल्यासारखं वाटत नाही. नेदरलँड्समधल्या एका आश्रयगृहात काही नव्या मांजरांना असे खोके दिले आणि काहींना नाही. खोकेवाली लवकर स्थिरावली. हा अभ्यास 2014 साली छापूनही आला. वन बीएचकेत वेगळी खोली कुठून आणणार, तर बेडरूमच्या कपाटाशेजारचा कोपरा दे, समोर साडी सोड. पहिले चार-पाच दिवस ती दिसणारही नाही. रात्री वाटी रिकामी आणि ट्रेमध्ये काम झालेलं, एवढं झालं तर सगळं ठीक चाललंय. पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तर मात्र डॉक्टरांना फोन.

मुलाला शिकव की तिच्याकडे टक लावून बघायचं नाही. जमिनीवर बसायचं, पुस्तक उघडायचं, मोठ्याने वाचायचं. ती बाहेर येऊन बघायला लागली की डोळे सावकाश मिटायचे, सावकाश उघडायचे. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात 2020 साली हे तपासून बघितलं: असे डोळे मिचकावले की मांजरंही डोळे बारीक करतात आणि पुढे केलेल्या हाताजवळ जास्त येतात. घरी करून बघ, मुलाला जादूच वाटेल. खाणं त्यानेच ठेवायचं. उचलायचं मात्र कुणीच नाही, निदान कमरेचं काय ते कळेपर्यंत. चुकून चावली किंवा ओरखडलं तर हळद नको. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे, रेबीजचं इंजेक्शन घ्यायचं का ते ते ठरवतील. हे नवऱ्यालाही सांगून ठेव, तो "एवढ्याशाला काय" म्हणणाऱ्यातला वाटतो.

तुमच्या फरशीवर तिचे पाय बाहेर घसरतील. जिथून जिथून ती जाईल, खोक्यापासून वाटीपर्यंत, वाटीपासून ट्रेपर्यंत, तिथे रबरी पायपुसणी टाक, जुन्या गोधडीच्या पट्ट्या टाक. ट्रेची एक कड कापून बुटकी कर, तिला पाय उचलून आत जाणं जमणार नाही. सोफ्याच्या एका बाजूला गोणपाट शिवलंस तर नखं रोवून चढेल, शेजारी पाट ठेव उतरायला. मागची नखं झिजली नाहीत तर वाढून पंजात रुततात, महिन्यातून एकदा बघत जा. आणि बाल्कनीला, खिडक्यांना जाळी. डासांची नव्हे, तिचं वजन पेलेल अशी. कबुतरावर झेप घ्यायची तिची इच्छा काही लंगडी नाही.

सासूबाईंचं तू हसण्यावारी नेलंस असं पत्रावरून वाटतं, तसं करू नकोस. गुडघे गेलेल्या बाईच्या पायात रात्री मांजर आलं आणि त्या पडल्या, तर त्या वयात मोडलेलं खुब्याचं हाड म्हणजे काय ते तुला सांगायला नको. बाथरूमच्या वाटेवर रात्रभर छोटा दिवा, आणि रात्री डुलकी बेडरूममध्ये, दार लावून, हे आधी कबूल कर आणि मग विषय काढ. माझा अंदाज वेगळाच आहे. दिवसभर एका जागी बसणारी, हळू हलणारी, मांजराला हाका न मारणारी घरात एकच व्यक्ती आहे. डुलकी आधी कुणापाशी जाऊन बसेल, यावर मी तुझ्याशी पैज लावायला तयार आहे.

आणावं का? मी असं करेन. त्या बाईंना सांग की महिनाभर सांभाळायला नेते, कागदावर सही करून, एक्स-रे झाल्यावर पक्कं ठरवते. चांगली माणसं याला हरकत घेत नाहीत. कंबर जुनी मोडलेली पण जुळलेली असेल, शी-शू आपली आपण होत असेल, तर ने. मऊ शी व्हायला डॉक्टर सांगतील ते द्यावं लागेल, वजन वाढू द्यायचं नाही, एवढंच. पण लघवीवर ताबा नसेल तर नीट विचार कर. अशा मांजराची मूत्राशय हाताने दाबून रोज दोन-तीनदा रिकामी करावी लागते, जन्मभर. तू सकाळची लोकल पकडतेस, नवराही बाहेर, सासूबाईंना वाकता येत नाही. ते जमणार नसेल तर नाही म्हण आणि त्या बाईंना औषधाला पैसे पाठव. मी तुला कठोर म्हणणार नाही. एकदा मी स्वतः अशाच एका मांजराला नाही म्हटलंय. तिचा फोटो अजून मोबाईलमध्ये आहे.

विश्वास ठेवेल का, हा प्रश्न राहिला. काही महिन्यांनी ठेवेल, पण बहुधा तू म्हणतेस तसा मांडीवर येणारा नव्हे. कदाचित ती आयुष्यभर दोन फुटांवर बसेल आणि तुझ्याकडे पाठ करून झोपेल. मांजराने पाठ करून झोपणं ही मोठी गोष्ट आहे, ते तुला आणल्यावर कळेल. केरसुणी मात्र आडवी धरून काढत जा, उंच करू नकोस.

नाव बदलू नका, छान आहे. एक्स-रेमध्ये काय निघालं ते कळव. आणि सासूबाईंना माझा नमस्कार सांग, त्यांच्या गुडघ्यांचा शेवटचा एक्स-रे कधी काढला होता, तेही विचार.

— मावशी